धुरामागोमाग आवाज

अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' शिकवताना अनुमानाचे एकच उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशावरून? जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघर. न्यायशास्त्रात दृष्टान्त म्हणून तीच गोष्ट चालते, जी सामान्य माणसाला आणि अभ्यासकाला सारखीच मान्य असते. धूर आणि अग्नी एकत्र नांदतात हे दाखवायला स्वयंपाकघराइतकी निर्विवाद जागा शास्त्रकारांना दुसरी सुचली नाही. आज शहरातल्या विद्यार्थ्यासमोर हे उदाहरण ठेवले तर त्याला क्षणभर थांबावे लागते, कारण त्याच्या घरच्या ओट्यावर अग्नी असतो आणि धूर जवळपास नसतो. त्याऐवजी असते ती डोक्यावरच्या यंत्राची घरघर. धूर गेला आणि आवाज आला, हा बदल मोठा आहे. त्यातला दुसरा भाग आपण फारसा मनावर घेत नाही. घरातल्या चिमणीची मोटर भिंतीबाहेर किंवा गच्चीवर बसवून स्वयंपाकघर शांत ठेवण्याची पद्धत अलीकडे काही ठिकाणी दिसते. तिच्याकडे श्रीमंती हौस म्हणून पाहिले जाते. मला ती एका फार जुन्या प्रश्नाच्या उत्तरातली पुढची पायरी वाटते. चुलीचा त्रास घराबाहेर घालवायचा, पण चुलीपाशी असलेल्या माणसाला घरातच ठेवायचे, असा तो प्रश्न आहे.

जुन्या मराठी घरात धुराला स्वतंत्र वाट नव्हती. चूल आणि तिच्या शेजारची वैल पेटली की धूर वर चढे, वाशांमध्ये रेंगाळे आणि नळीच्या कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर झिरपे. काही घरांत छपराला धुराडे ठेवलेले असे, पण पावसाच्या मुलखात छपराला भोक पाडणे म्हणजे पाण्याला निमंत्रण. त्यामुळे ते लहानच असे. या व्यवस्थेला फायदे नव्हते असे नाही. धुराच्या काजळीने वासे आणि तुळया काळ्याकुळकुळीत होत आणि त्यांना वाळवी-भुंगा लवकर धरत नसे. बियाण्याची कणसे चुलीवर टांगली की किडीपासून वाचत, पावसाळ्यात ओलसर वस्तू तिथेच सुकत. हा हिशेब फक्त आपल्याकडचा नव्हता. १५७७ साली विल्यम हॅरिसनने इंग्लंडचे वर्णन लिहिले. त्यात गावातले म्हातारे नव्या धुराड्यांची वाढती संख्या आश्चर्याने सांगतात, आणि पूर्वीच्या धुराने घराचे लाकूड पक्के होई व घरच्यांची तब्येतही राखली जाई, अशी जुनी समजूतही त्यात नोंदलेली आहे. दोन दूरच्या मुलखांतल्या लोकांनी धुराची बाजू जवळपास सारख्याच शब्दांत घ्यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. घर टिकवण्याच्या हिशेबात धूर उपयोगाचा होता. मात्र फुंकणी हातात धरून चुलीपुढे बसणारीचे डोळे आणि छाती त्या हिशेबात धरलेली नव्हती.

धूर नकोसा झाला की त्यावर सर्वांत सोपा उपाय सगळीकडे एकच निघाला: चूलच लांब न्यायची. वाड्यात स्वयंपाकघर शेवटच्या चौकात, मागच्या अंगाला. कोकणातल्या घरात ते मागच्या पडवीकडे. उन्हाळ्यात अंगणातली चूल, लग्नकार्यात मांडवामागे खणलेले चर आणि त्यांवर आचाऱ्यांची मोठाली भांडी. इंग्रज साहेबाच्या बंगल्यात बावर्चीखाना मुख्य इमारतीपासून वेगळा आणि दोहोंना जोडणारी छपराची वाट. इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीच्या मठात चौदाव्या शतकात बांधलेले मठाधिपतींचे स्वयंपाकघर अजून उभे आहे. तेही स्वतंत्र इमारत म्हणून, चार कोपऱ्यांत चार चुली आणि वर अष्टकोनी छपरात धूर जाण्यासाठी झरोका अशा रचनेचे आहे. बुद्धी आणि पैसा यांची कमतरता यांपैकी कुठेच नव्हती. तरीही या सगळ्या रचनांत एक गोष्ट समान आहे. धूर जिथे गेला तिथे रांधणारा माणूसही गेला. दिवाणखान्यातल्या मंडळींची धुरापासून सुटका झाली ती स्वयंपाकीण, सून किंवा बावर्ची यांना धुरासकट दूर ठेवल्यामुळे. घराचा नकाशा पाहिला की त्रासाची वाटणी कळते, आणि ती वाटणी शतकानुशतके अशीच होती.

खऱ्या अर्थाने पहिली सुटका केली ती उभ्या धुराड्याने. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, उंच नळीत तिचा ओढा तयार होतो, आणि तो ओढा खालचा धूर आपोआप खेचून घेतो. हे यंत्र अग्नीच्याच उष्णतेवर चालते आणि त्याला आवाज नसतो. काउंट रम्फर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसनने १७९६ साली धुराड्याच्या घशाची आणि आतल्या पायरीची मापे बदलून दाखवली, तेव्हा युरोपातल्या घरांत परत फिरणारा धूर बराच कमी झाला. आपल्याकडे हा शब्द वेगळ्याच वाटेने आला. रॉकेलच्या दिव्यावरची काच म्हणजे चिमणी, मग तो छोटा दिवाच चिमणी, मग गिरणीचे आकाशात घुसलेले धुराडे म्हणजे चिमणी. कावसजी दावर यांच्या गिरणीपासून, म्हणजे १८५० च्या दशकापासून, मुंबईच्या क्षितिजावर या चिमण्या उभ्या राहू लागल्या. बॉयलरला ओढा मिळावा म्हणून त्या उंच बांधल्या जात. पण धूर वर सोडला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या खिडकीत उतरतो. अखेर १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्रास बाहेर काढणाऱ्या प्रत्येक युक्तीवर पुढे हाच आक्षेप येणार होता, आणि शांत चिमणीच्या संदर्भातही तो घ्यावा लागणार आहे.

खेड्यातल्या चुलीला धुराडे जोडण्याचे काम मात्र गिरण्यांनंतर जवळजवळ शतकाने सुरू झाले, आणि त्याचा एक महत्त्वाचा उगम विदर्भात आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहत. तिथे घडलेली 'मगन चूल' ही बंदिस्त, नळीने धूर बाहेर सोडणारी चूल भारतातल्या सुधारित चुलींच्या इतिहासात अग्रक्रमाने घेतली जाते. पन्नाशीच्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर हा विषय पुस्तकरूपाने मांडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढच्या हवेतले कण मोजले, तेव्हा दर घनमीटरला सात हजार मायक्रोग्रॅमच्या घरातले आकडे निघाले आणि घरातला धूर हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. त्याच दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात या कामाला पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे तांत्रिक पाठबळ मिळाले. कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ काही काळाने बाजूला पडल्या.

त्या का बाजूला पडल्या, हे समजून घेणे माझ्या मुद्द्यासाठी फार आवश्यक आहे. ओडिशात रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २६०० कुटुंबांचा काही वर्षे मागोवा घेतला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. धुराड्याची चूल मिळाल्यावर पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झालेला दिसला. पुढच्या वर्षांत तो फरक पुसला गेला. चूल प्रयोगशाळेत जशी चालली तशी घरात चालली नाही, कारण नळी साफ करावी लागे, तडे लिंपावे लागत आणि रोजच्या कामाला तिचा अडथळा होई. लोकांनी ती नियमित वापरली नाही आणि तिची डागडुजीही केली नाही. यावरून गरिबांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. जे साधन एक त्रास घालवताना दुसरा त्रास देते, ते माणसाच्या हातून सुटते, एवढाच त्याचा अर्थ. धूर किती खेचला जातो हे साधनाच्या क्षमतेवर जितके अवलंबून असते, तितकेच ते साधन रोज चालू ठेवले जाते की नाही यावर असते. बंद चूल धूर काढत नाही, आणि बंद चिमणीही काढत नाही.

शहरात धुरावरचा उपाय इंधनाच्या वाटेने आला. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये प्रायमस स्टो काढला आणि पुढच्या काही दशकांत त्याच धर्तीचे पंपाचे स्टो मुंबईच्या चाळींत पोचले. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, जिथे झोपणे, जेवणे आणि रांधणे एकाच भिंतींमध्ये होते, तिथे लाकडाच्या आणि कोळशाच्या धुरापेक्षा स्टो किती सुखाचा असेल हे सांगायला नको. पण आपल्या घरांत ओट्यावरच्या यंत्राचा सततचा आवाज पहिल्यांदा आला तोही या स्टोबरोबरच. दाबाने फवारलेल्या रॉकेलची ज्योत भरभर करते, आणि ती भरभर खोलीतल्या सगळ्यांनाच ऐकावी लागते. वातीचा स्टो शांत, पण आच मंद आणि काजळी जास्त. म्हणजे कमी धूर हवा तर आवाज सोसा आणि शांतता हवी तर काजळी सोसा, अशी निवड त्या काळच्या गृहिणीपुढे होती. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत स्वयंपाकाचा सिलिंडर-गॅस आणला. त्याची ज्योत शांतही होती आणि बिनधुराचीही. प्रश्न कायमचा मिटला असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते.

तो मिटला नाही, कारण स्वयंपाकघरातला धूर फक्त सरपणाचा नसतो. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते, लाल मिरची करपते आणि घरभर खाट उठून सगळ्यांना ठसका लागतो. हे सगळे इंधन कोणतेही असले तरी होते. तेलाचे सूक्ष्म थेंब हवेत चढतात, भिंतीवर आणि पंख्याच्या पात्यांवर चिकट थर देतात आणि श्वासातूनही आत जातात. गॅसची ज्योत स्वतः नायट्रोजनचे ऑक्साइड सोडते, ते डोळ्यांना दिसत नाहीत इतकेच. शिवाय शहरी घराने याच काळात आणखी एक मोठी गोष्ट केली: स्वयंपाकघर मागच्या चौकातून उचलून घराच्या मध्यभागी आणले. फ्लॅटमध्ये चौक नाही, पडवी नाही, कौलांच्या फटी नाहीत. वर काँक्रीटची घट्ट स्लॅब आणि शेजारी लगेच बैठकीची खोली. उष्ण हवेचा स्वतःचा ओढा इथे निरुपयोगी ठरतो, कारण त्याला उंच नळी लागते आणि ती एका मजल्याच्या घरात मिळत नाही. आता हवा बळाने ओढावी लागणार होती, आणि बळ म्हणजे पंखा.

हे बळ पुरवणाऱ्या पंख्याच्या इतिहासात भारताचा एक धागा आहे. बेलफास्टचा सॅम्युअल डेव्हिडसन हा तरुण १८६४ मध्ये कछारच्या चहामळ्यात आला. ओली चहापत्ती कोळशाच्या शेगडीवर सुकवण्याची पद्धत त्याला सदोष वाटली आणि तो गरम हवेच्या झोताने पत्ती वाळवणारी यंत्रे करू लागला. पुढे बेलफास्टला परतून त्याने कारखाना काढला आणि १८९८ च्या सुमारास एक नवा केंद्रोत्सारी पंखा तयार केला. ढोलासारखे चाक, त्याच्या कडेला फिरण्याच्या दिशेने वाकलेली बारीक, उथळ आणि पुष्कळ पाती. 'सिरोको' या नावाने तो गाजला. खाणी, जहाजे आणि कारखाने यांची हवा त्याने खेळती ठेवली. आज आपल्या ओट्यावरच्या चिमणीचे आवरण उघडले तर आत दिसणारे गोल जाळीदार चाक त्याच घराण्यातले आहे. घरगुती पंख्यांच्या बाबतीत अमेरिकेत १९३० च्या दशकात हालचाल झाली. हेन्री ब्रोनने १९३२ मध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवायचा विजेचा पंखा बाजारात आणला. पुढे इटलीतले फाब्रियानो हे गाव या धंद्याचे एक केंद्र बनले. मध्ययुगापासून कागदासाठी नावाजलेल्या या गावात १९५५ मध्ये फाबेर आणि १९७० मध्ये एलिका या कंपन्या उभ्या राहिल्या. एलिकाने भारतातला आपला उद्योग पुण्यात थाटला. आज मराठी घरांत 'चिमणी' म्हटले की गिरणी किंवा दिवा आठवण्याआधी ओट्यावरचा स्टीलचा सांगाडा आठवतो, यामागे हा सगळा प्रवास आहे.

या सांगाड्याचा दोष त्याच्या जागेत आहे. शेगडीपासून दोन-सव्वादोन फुटांवर तो बसतो, म्हणजे उभ्याने रांधणाऱ्या माणसाच्या कानापासून हातभर अंतरावर. त्याच लहान पेटीत मोटर, फिरते चाक, तेल अडवणारी जाळी आणि थरथरणारा पत्रा, सगळे एकत्र. पूर्ण वेगाला त्याचा आवाज साठ डेसिबलच्या आसपास जातो, आणि समोरासमोर चाललेल्या साध्या बोलण्याची पातळीही साधारण तीच असते. परिणामी चिमणी पूर्ण वेगात चालू असताना रांधणाऱ्या व्यक्तीशी बोलता येत नाही. तिला मुलाची हाक ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी मोजता येत नाही, फोडणीतली मोहरी तडतडली की नाही हे कानाने कळत नाही. आपला स्वयंपाक कानाने बराच चालतो, याची नोंद या यंत्राच्या मूळ रचनेत नव्हती. जुन्या घरात धुराबरोबर बाई मागच्या चौकात गेली होती. नव्या घरात ती बैठकीच्या शेजारी आली, पण आवाजाच्या भिंतीआड गेली. अंतर कमी झाले, एकटेपण राहिले.

मोटर बाहेर नेण्याची कल्पना इथे आपला अर्थ दाखवते. हूड आणि जाळी ओट्यावरच राहतात. चाक आणि मोटर बाहेरच्या भिंतीवर, गच्चीवर किंवा माळ्यावर बसतात. मध्ये रुंद नळी. उपाहारगृहांच्या भटारखान्यांत ही रचना पूर्वीपासून आहे, घरात ती नंतर आली. ती का उपयोगी पडते हे समजायला पंख्याचा एक नियम पुरेसा आहे. त्याच पंख्याची गती निम्मी केली तर आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलची घट कानाला निम्मी वाटते. ओट्यावरच्या चपट्या पेटीत चाक लहान असावे लागते, म्हणून ते वेगाने फिरवावे लागते. बाहेर जागेची अडचण नसल्याने चाक मोठे आणि सावकाश फिरणारे घेता येते. अंतर वाढल्याचा आणि मध्ये भिंत आल्याचा फायदा वेगळाच. त्यातून मिळते ती संपूर्ण शांतता नव्हे. जाळीतून आणि नळीतून धावणाऱ्या हवेचा सळसळाट उरतोच, आणि नळी अरुंद असेल तर तो वाढतो. चार इंची नळीपेक्षा सहा इंची नळीचे तोंड सव्वादोन पट मोठे असते. तेवढीच हवा त्यातून सव्वादोन पट सावकाश जाते. वाकणे कमी हवीत, नळीची आतली बाजू गुळगुळीत हवी, आणि बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला दुसरीकडून हवा आत यायला हवी. बाहेरची मोटर बसवून आत चुरगळलेली लवचीक नळी ठेवली तर खर्च होईल आणि आवाजही राहील.

याला हौस म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की आवाजाची सवय होते. तसे असते तर लोकांनी चिमण्या बिनतक्रार चालू ठेवल्या असत्या. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने घरगुती हूडांची प्रत्यक्ष चाचणी केली, तेव्हा काही हूड जवळपास सगळा धूर पकडणारे निघाले आणि काही पंधरा टक्केही न पकडणारे. चांगले पकडणाऱ्यांतले कित्येक मोठा आवाज करणारे होते. घरांच्या पाहण्यांतही हूड असूनही तो पुष्कळ वेळा बंदच ठेवला जातो असे दिसले, आणि न वापरण्याच्या कारणांत आवाज हे वारंवार सांगितले गेलेले कारण आहे. अमेरिकेत घरांच्या वायुवीजनाचे जे मानक २००३ पासून आहे त्याने हे ओळखून हवेच्या प्रमाणाबरोबर आवाजाचीही मर्यादा घातली: गरजेपुरत्या चालणाऱ्या पंख्याला तीन सोन, सतत चालणाऱ्याला एक. सोन हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप, एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३६ मध्ये सुचवलेले. मानक करणाऱ्यांनी आवाजाला आरोग्याच्या चौकटीत बसवले, कारण गोंगाट करणारा पंखा कागदावर कितीही हवा ओढत असला तरी प्रत्यक्षात बंद राहतो. ओडिशातल्या चुलीने जे शिकवले तेच कॅलिफोर्नियातल्या हूडने शिकवले. आपल्याकडे दुकानात चिमणी घेताना तासाला किती घनमीटर हवा ओढते हा आकडा ठळक सांगितला जातो. तो आकडा कमाल वेगाचा असतो, आणि त्या वेगाला ती किती मिनिटे सोसवते हे कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. आपला आवाज बाहेर टाकला म्हणजे तो शेजाऱ्याला दिला. गिरणीच्या चिमणीबद्दल हेच खरे ठरले होते, आणि उपाहारगृहांच्या गच्चीवरच्या ब्लोअरमुळे आसपासच्या इमारतींना होणारा त्रास मुंबई-पुण्यात अनेकांच्या ओळखीचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. अरुंद डक्टमध्ये, शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खिडकीसमोर मोटर लावणे हे या नियमांच्या आणि शेजारधर्माच्या विरुद्धच आहे. पण हा आक्षेप मोटर कुठे आणि कशी लावली याला लागू होतो, मूळ कल्पनेला नाही. मोठे, सावकाश फिरणारे चाक बाहेरही कमी आवाज करते. नळीत ध्वनिशोषक जोडता येतो. मोटरीखाली रबराच्या बैठका देता येतात. तोंड वर, मोकळ्या आकाशाकडे ठेवता येते. त्रास बाहेर हलवणे आणि त्रास कमी करून बाहेर हलवणे यांत फरक आहे, आणि दुसरी गोष्ट साधायची तर ती घर बांधतानाच ठरवावी लागते. पूर्वी गवंडी घर बांधताना धुराड्याची जागा सोडत असे. आज इमारतीचा आराखडा करणाऱ्याने प्रत्येक स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत जाणाऱ्या रुंद, उभ्या नळीची जागा सोडली तर रहिवाशाला खिडकीची काच कापून नळी बाहेर काढावी लागणार नाही आणि शेजाऱ्यालाही तक्रारीचे कारण उरणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोचला, तरी अनेक घरांत सिलिंडर महाग पडतो म्हणून चूलही पेटतेच. अशा देशात शांत चिमणीची चर्चा कशाला? प्राधान्य कोणाला द्यायचे असा प्रश्न असेल तर उत्तर स्वच्छ आहे: आधी चुलीचा धूर. पण हे दोन प्रश्न एकाच तराजूत तोलण्याची गरज नाही, कारण त्यांचा धडा एकच आहे. चूल सुधारणाऱ्यांनी सुरुवातीला सरपणाची बचत मोजली, मग धूर मोजला, आणि बाईला ती चूल वापरणे सोयीचे जाते का हे फार उशिरा विचारले. चिमणी करणाऱ्यांनी आधी हवेचे घनमीटर मोजले आणि कान नंतर आठवला. दोन्ही ठिकाणी रांधणाऱ्याची सोय ही शेवटची बाब ठरली आणि दोन्ही ठिकाणी त्यामुळेच साधन निकामी झाले. विजेच्या इंडक्शन शेगड्या सर्वत्र आल्या की हा प्रश्न उरणार नाही असेही म्हटले जाते. ज्योत जाईल हे खरे, पण फोडणी राहील आणि तेलाचे थेंबही राहतील. शिवाय गॅसच्या ज्योतीभोवती उठणारा उष्ण हवेचा झोत धूर वर न्यायला मदत करतो. तो क्षीण झाला की वाफ आजूबाजूला जास्त पसरेल. तेव्हाही हवा ओढणारे काहीतरी लागेल, आणि ते चालू ठेवावेसे वाटले पाहिजे.

तर्कसंग्रहात धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, हेही शिकवतात. त्यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देतात, ज्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. स्वयंपाकघर त्या लोखंडाच्या गोळ्याच्या बाजूला नेण्यात माणसाला शतके लागली. वाटेत त्याने धूर छपरात मुरवला, मागच्या चौकात ढकलला, उंच नळीतून सोडला, इंधन बदलून कमी केला आणि शेवटी पंख्याने ओढून काढला. यांतल्या बहुतेक टप्प्यांवर सोय घराची किंवा घरातल्या इतरांची झाली. चुलीपुढच्या व्यक्तीची झाली ती उरल्यासुरल्यात. मोटर भिंतीबाहेर नेणे हा या मालिकेतला छोटा, आणि आज तरी महागडा, टप्पा आहे. त्यात पहिल्यांदा यंत्र बाहेर जाते आणि माणूस आत राहतो. उद्या कोणी नवे घर बांधेल तेव्हा ओट्यापाशी उभे राहून रोज दोन-तीन तास काम करणाऱ्या माणसाला काय ऐकू येणार आहे, हा प्रश्न त्याने नकाशावर रेघ मारण्याआधी विचारावा. मोहरी तडतडल्याचे कळावे आणि शेजारच्या खोलीतले बोलणे कानावर पडावे, एवढी शांतता स्वयंपाकघराला मिळायला हवी.